तीव्र अपंगत्वाचे मोजमाप कोणी करावे? : दीर्घकालीन शुश्रूषेच्या विमादाव्यांसंबंधी काही विचार

विम्याच्या प्रत्येक दाव्यात दोन प्रश्न अंतर्भूत असतात. हानी झाली आहे काय, हा पहिला आणि ती किती झाली, हा दुसरा. आयुर्विम्यात दुसरा प्रश्न उद्भवतच नाही. मृत्यूचा दाखला पुढे आला की ठरलेली रक्कम देय होते. आगीच्या विम्यात दुसरा प्रश्न उद्भवतो, परंतु जळालेल्या मालाला बाजारभाव असतो आणि सर्व्हेअर तो हिशेब करू शकतो. अपंगत्वाची गोष्ट निराळी आहे. ते कमीअधिक असू शकते, कालांतराने वाढू किंवा ओसरू शकते, आणि त्याला बाजारभाव नाही. म्हणूनच या क्षेत्रात 'किती' या प्रश्नाच्या आधी 'कोणी ठरवावयाचे' हा प्रश्न उभा राहतो, आणि दाव्याचे भवितव्य पुष्कळदा त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

जी व्यक्ती स्नान, भोजन, मलमूत्रविसर्जन यांसारख्या नित्य व्यवहारांसाठी दीर्घकाळ दुसऱ्यावर अवलंबून राहते, तिच्या शुश्रूषेचा खर्च उचलणारा सार्वत्रिक विमा भारतात नाही. तथापि अशा व्यक्ती आहेत, त्यांची कुटुंबे आहेत, आणि निरनिराळ्या कायद्यांच्या व करारांच्या आधारे ती कुटुंबे दावे करीत असतात. प्रस्तुत लेखात मुंबईच्या उपनगरांचा, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या भागांचा, संदर्भ डोळ्यांसमोर ठेवून असे दावे कोणापुढे जातात, तेथे नेमके काय मोजले जाते आणि काय मोजावयाचे राहून जाते, याचा विचार केला आहे.

१. तीन भिन्न मापे

व्यवहारात 'अपंगत्व' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि बहुतेक घोटाळा तेथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट अवयवहानी : शरीराचा किंवा मनाचा कोणता व्यापार किती बिघडला. दुसरी अर्जनहानी : त्या बिघाडामुळे माणसाची कमावण्याची शक्ती किती घटली. तिसरी परावलंबन : दिवसाचे चोवीस तास पार पाडण्यासाठी त्याला दुसऱ्याची मदत किती लागते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींशी संबंधित असल्या तरी एक नव्हेत. डाव्या हाताचे एक बोट गमावलेल्या वादकाची अवयवहानी अल्प असते, अर्जनहानी पूर्ण असू शकते आणि परावलंबन मुळीच नसते. उलट स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचे सर्व अवयव धड असतात. त्याची अर्जनहानी शून्य, कारण तो पूर्वीच निवृत्त झालेला. परंतु त्याला क्षणभरही एकटे सोडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात शरीराचा व्यापार, व्यक्तीची कृती आणि तिच्या भोवतालची परिस्थिती यांचा वेगवेगळा विचार केला आहे तो याच कारणास्तव. मोजावयाचे काय हे निश्चित झाल्याखेरीज मोजणारा कोण असावा हे ठरविता येत नाही.

२. कामगार विम्याची परंपरा

आपल्याकडे अपंगत्वाच्या मोजमापाची सर्वांत जुनी व्यवस्थित परंपरा कामगारविषयक कायद्यांत आढळते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला असता अर्जनशक्ती शेकडा किती घटली असे मानावे, याचे ते कोष्टक होते. दोन्ही हात गेल्यास शंभर, खांद्याच्या सांध्यापासून हात गेल्यास नव्वद, अंगठा गेल्यास तीस, अशी त्याची रचना होती. कोष्टकात न बसणाऱ्या इजेच्या बाबतीत अर्हताप्राप्त वैद्याने अर्जनहानी ठरवावी, असे कायदा सांगत होता.

प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. मुंबईत ही योजना १९५४ साली सुरू झाली. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, मरोळ, कांदिवली या भागांत त्यानंतरच्या दशकांत कारखानदारी पसरली, आणि विमेदार कामगारांसाठी मुलुंड, अंधेरी व कांदिवली येथे योजनेची रुग्णालये उभी राहिली. एका यंत्रावर बोटे गमावलेला कामगार आणि त्याची टक्केवारी हा या उपनगरांच्या औद्योगिक इतिहासाचाच एक भाग आहे.

१९४८ च्या कायद्याची विशेषता अशी की त्याने 'अपंगत्वाचा प्रश्न' ही संज्ञाच निर्माण केली. अपघातामुळे कायमचे अपंगत्व आले काय, अर्जनहानी तात्पुरती ठरवावयाची की अंतिम, आणि तिचे प्रमाण किती, हे प्रश्न एकट्या वैद्याकडे न सोपविता वैद्यकीय मंडळाकडे सोपविले गेले. मंडळाचा निर्णय न पटल्यास विमेदाराला किंवा महामंडळाला वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे अथवा थेट कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येत असे. प्रकृती पुढे विशेष बिघडल्यास फेरविचाराचीही सोय होती. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मात्र मंडळ, अपील आणि इजांचे कोष्टक ही चौकट संहितेनेही कायम ठेवली आहे.

या व्यवस्थेतून तीन तत्त्वे निघतात : निर्णय एकाने नव्हे तर अनेकांनी घ्यावा, त्यावर दाद मागता यावी, आणि तो काळाच्या ओघात बदलता यावा. परंतु येथे जे मोजले जाते ते अर्जनहानी होय. विमेदाराला वेतनाच्या प्रमाणात नियतकालिक लाभ मिळतो. घरी त्याला अंघोळ कोण घालते, हा प्रश्न मंडळापुढे येत नाही.

३. वैद्य आणि न्यायाधीश यांचे कार्यविभाजन

वैद्याची टक्केवारी म्हणजेच अर्जनहानी, हे समीकरण न्यायालयांनी मान्य केलेले नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणे हानी शेकडा सत्तर भरत होती. परंतु एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्णच मानले पाहिजे, असा निर्णय झाला. पुढे २०१० साली मोटार अपघाताच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने हा विचार अधिक स्पष्टपणे मांडला. अवयवहानी किती हे वैद्याने सांगावे. तिचा त्या माणसाच्या व्यवसायावर काय परिणाम होतो हे न्यायाधिकरणाने ठरवावे. ज्याने रुग्णावर कधी उपचारच केले नाहीत अशा व्यक्तीने सहज काढून दिलेल्या दाखल्याकडे सावधपणे पाहावे, असाही त्या निर्णयाचा रोख होता.

शुश्रूषेच्या दृष्टीने २०२० सालचा एक निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. बारा वर्षांच्या एका मुलीला अपघातात मेंदूची गंभीर इजा होऊन ती आयुष्यभरासाठी परावलंबी झाली होती. तिच्यासाठी चोवीस तासांत दोन परिचारकांची आवश्यकता न्यायालयाने गृहीत धरली, प्रत्येकी दरमहा ५,००० रुपये हा दर घेतला, आणि त्यास वार्षिक करून अठराने गुणले. केवळ परिचर्येपोटी २१ लक्ष ६० हजार रुपये मंजूर झाले. येथे न्यायाधीशाने अवयव किंवा वेतन मोजले नाही. त्याने मदतीचे तास मोजले. परावलंबनाचे मोजमाप आपल्याकडे होऊच शकत नाही, हे म्हणणे या निर्णयापुढे टिकत नाही. मात्र हे घडले ते अपघातानंतर बारा वर्षांहून अधिक काळाने आणि सर्वोच्च न्यायालयात, हेही विसरता येत नाही.

४. शासकीय दाखला

सामान्य कुटुंब ज्या कागदाला 'अपंगत्वाचा दाखला' म्हणते तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखालील होय. या कायद्यात दिव्यांगतेचे एकवीस प्रकार सांगितले आहेत, आणि शेकडा चाळीस वा अधिक प्रमाण असल्यास व्यक्ती बहुतेक सवलतींस पात्र ठरते. दाखला देण्याचा अधिकार कोणत्याही वैद्याला नाही. राज्य शासनाने त्यासाठी अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यालाच तो आहे, आणि अर्ज सामान्यतः आपल्या निवासाच्या जिल्ह्यात करावा लागतो. मुंबई उपनगर हा १ ऑक्टोबर १९९० पासून स्वतंत्र जिल्हा असल्याने बोरिवलीच्या वा मुलुंडच्या रहिवाशाचा जिल्हा 'मुंबई उपनगर' होय, 'मुंबई शहर' नव्हे, ही साधी गोष्टही अर्ज भरताना ध्यानात ठेवावी लागते. दाखला देशभर ग्राह्य असतो. ओळखपत्राच्या रंगावरून प्रमाणाचा बोध होतो : चाळीसच्या आत पांढरा, चाळीस ते एकोणऐंशी पिवळा, ऐंशी व त्याहून अधिक निळा.

मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ साली अधिसूचित झाली व २०२४ साली त्यांत सुधारणा झाली. त्यांचा मुख्य भर अवयवहानीवर आहे. सांधा किती अंशांत वळतो, स्नायूत जोर किती, दृष्टी किती, हे तज्ज्ञ तपासतो आणि सूत्राने टक्केवारी काढतो. मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र पद्धती निराळी आहे. तेथे 'आयडियाज' या भारतीय मापाचा उपयोग होतो. स्वतःची निगा, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांनी गुण दिले जातात, आणि त्यासाठी रुग्णाबरोबरच त्याची काळजी घेणाऱ्या नातेवाइकाकडूनही माहिती घेतली जाते. घरच्या माणसाची साक्ष मोजमापाचा अधिकृत भाग होऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्याच नियमांत आहे.

याच कायद्याच्या अडतिसाव्या कलमात 'उच्च आधार' अशी एक तरतूद आहे. दैनंदिन व्यवहारांसाठी ज्यांना तीव्र स्वरूपाच्या आधाराची गरज आहे अशा व्यक्तीने, अथवा तिच्या वतीने दुसऱ्याने, अर्ज करावा. प्राधिकाऱ्याने तो मूल्यमापन मंडळाकडे पाठवावा. मंडळाने गरज आणि तिचे स्वरूप प्रमाणित करावे. टक्केवारीहून निराळी अशी ही 'गरज' कायद्याने येथे प्रथमच मोजावयास घेतली. शुश्रूषा विम्याला लागणाऱ्या मोजमापाच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्या कायद्यातील जागा हीच होय. परंतु तिचा संबंध शासकीय साहाय्याशी आहे, विमादाव्याशी नाही.

५. विमा कंपनीचा करार

खाजगी अथवा सार्वजनिक विमा कंपनीकडून घेतलेल्या पॉलिसीत 'कोण ठरविणार' याचे उत्तर करारातील व्याख्या देते, कायदा नव्हे. शासकीय दाखल्यात शेकडा नव्वद लिहिले असले तरी पॉलिसीची व्याख्या पुरी होत नसेल तर दावा फेटाळला जाऊ शकतो. हा धक्का अनेक कुटुंबांना बसतो.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे उदाहरण घेऊ. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाल्यास, अथवा एक डोळा व एक हात वा पाय गेल्यास, दोन लक्ष रुपये मिळतात. परंतु हे अपघातानेच घडलेले असावे लागते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हातपाय तितकेच निकामी असले तरी या योजनेतून त्याला काही मिळत नाही. गंभीर आजारांच्या पॉलिसीत पक्षाघाताचा समावेश असतो. पण तेथे निदान तज्ज्ञ वैद्याने करावे, आणि मज्जासंस्थेतील कायमची उणीव किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा असावा, अशी अट असते. विमा नियामकाच्या सर्वसाधारण व्याख्येप्रमाणे कोणत्याही मान्य परिषदेकडे नोंदलेला चिकित्सक, आयुर्वेदीय व होमिओपॅथिकही, आपल्या परवान्याच्या कक्षेत 'वैद्यकीय व्यावसायिक' ठरतो. परंतु जेथे व्याख्येत 'तज्ज्ञ' हा शब्द आहे तेथे कुटुंबाच्या नेहमीच्या डॉक्टरचे पत्र पुरेसे होत नाही. तो डॉक्टर रुग्णाचा नातेवाईक नसावा, असेही पुष्कळ पॉलिसींत लिहिलेले असते.

काही पॉलिसींत 'स्वतंत्र जीवनक्षमतेची हानी' असे एक कलम आढळते. स्नान, वस्त्रे घालणे, अंथरुणातून खुर्चीत जाणे, घरात फिरणे, शौचविधी आणि भोजन या सहा क्रियांपैकी ठरावीक संख्येच्या, बहुधा तीन, क्रिया दुसऱ्याच्या मदतीवाचून करता येत नसतील तर दावा देय होतो. हे खरे परावलंबनाचे माप होय. पण त्यावरही सही लागते ती वैद्याचीच, आणि तो वैद्य रुग्णाला बहुधा रुग्णालयाच्या खाटेवर पाहतो, घरच्या न्हाणीघरात नव्हे.

दावा फेटाळला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईच्या लोकपालाचे कार्यालय उपनगरातच, सांताक्रूझ येथे आहे. या मार्गाला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही.

६. जर्मनी आणि जपान

ज्या देशांत शुश्रूषेचा सार्वत्रिक विमा आहे तेथे हा प्रश्न कसा सोडविला आहे? जर्मनीत असा विमा १९९५ साली सुरू झाला. अर्ज आल्यावर वैद्यकीय सेवेचा प्रतिनिधी, जो पुष्कळदा प्रशिक्षित परिचारिका असतो, रुग्णाच्या घरी जातो. २०१७ पासून तो सहा विभागांत गुण देतो आणि त्यांवरून शुश्रूषेच्या पाच श्रेणींपैकी एक ठरते. यांत सर्वांत अधिक भार, शेकडा चाळीस, स्वतःची निगा राखण्याच्या क्षमतेला आहे. हालचालीला केवळ दहा. स्मृती, आकलन व वर्तन यांचाही वेगळा हिशेब होतो, त्यामुळे धडधाकट शरीराचा स्मृतिभ्रंशी वृद्ध वगळला जात नाही.

जपानमध्ये २००० सालापासून नगरपालिका हीच विमाकर्ती आहे. तिचा अन्वेषक घरी जाऊन चौऱ्याहत्तर बाबींची नोंद करतो. तिच्यावरून संगणक प्राथमिक श्रेणी काढतो. नेहमीच्या वैद्याचे मत स्वतंत्रपणे मागविले जाते. शेवटी आरोग्य, वैद्यक व समाजकल्याण या क्षेत्रांतील जाणकारांची समिती निर्णय देते. म्हणजे घर पाहणारा एक, आजार जाणणारा दुसरा आणि निर्णय देणारे तिसरे, अशी ही विभागणी आहे.

या पद्धतींचा उगम १९६० च्या दशकातील अमेरिकन संशोधनात शोधता येतो. १९६३ साली कॅट्झ यांनी नित्यक्रियांचा निर्देशांक मांडला, आणि १९६५ साली माहोनी व बार्थेल यांनी दहा बाबींचे शंभर गुणांचे माप प्रसिद्ध केले. आपल्याकडील भौतिकोपचार व पुनर्वसन विभागांत बार्थेलचे माप आजही नित्य वापरात आहे. साधन आहे, दाव्याच्या कागदांत त्याला निश्चित स्थान नाही.

७. घर हे मोजमापाचे अंग

बार्थेलच्या दहा बाबींपैकी एक जिना चढण्याची आहे. तिला शंभरांपैकी दहा गुण आहेत. अंधेरी वा घाटकोपरच्या संदर्भात या एका बाबीचा विचार करावा. सारखाच पक्षाघात झालेले दोन गृहस्थ कल्पनेने समोर आणू. एक बोरिवलीतील उद्वाहनाच्या इमारतीत राहतो. न्हाणीघर खोलीला लागून आहे, आणि चाकांची खुर्ची दारातून आत जाते. दुसरा घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत राहतो. शौचालय सार्वजनिक, पाऊलवाट पायऱ्यापायऱ्यांची, आणि पावसाळ्यात निसरडी. रुग्णालयातील तज्ज्ञ दोघांनाही तीच टक्केवारी देईल, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. परंतु पहिल्याला दिवसातून दोनदा मदत लागते तर दुसऱ्याला उचलून नेण्यास दोन माणसे लागतात. दुसऱ्याच्या घरातील कोणीतरी नोकरी सोडलेली असते, आणि ती व्यक्ती बहुधा पत्नी, मुलगी किंवा सून असते. तिच्या श्रमांचा एकही तास कोणत्याही दाखल्यात उमटत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. घरच्यांच्या सांगण्यावर विसंबले तर दाव्याच्या लोभाने गरज फुगवून सांगितली जाणार नाही काय? शंका रास्त आहे. परंतु स्वार्थापासून अलिप्त असा मोजणारा कोठेच नाही. उपचार करणारा वैद्य रुग्णाविषयी सहानुभूती बाळगतो, विमा कंपनीने नेमलेला वैद्य कंपनीच्या तिजोरीचा विचार करतो, आणि कुटुंब आपल्या हिताचा. तपासणीच्या वेळी रुग्णही पुष्कळदा लाजेने आपली असमर्थता लपवितो. 'सर्व काही मीच करतो' असे सांगणारे वृद्ध कोणी पाहिले नाहीत? यास्तव एका निःस्वार्थी माणसाचा शोध घेण्यापेक्षा भिन्न हितसंबंधांच्या माणसांनी एकमेकांची नोंद तपासावी, हाच मार्ग अधिक शहाणपणाचा होय.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. अवयवहानी त्या विषयाच्या वैद्याने मोजावी. अर्जनहानी वैद्याच्या मतावरून, परंतु व्यवसायाचे स्वरूप जाणणाऱ्या मंडळाने वा न्यायाधिकरणाने ठरवावी. परावलंबन मात्र घरी जाऊन पाहणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीने नोंदवावे, त्याला उपचार करणाऱ्या वैद्याच्या मताची व शुश्रूषा करणाऱ्या नातेवाइकाच्या कथनाची जोड असावी, आणि निर्णय रक्कम देणाऱ्याच्या एकट्याच्या हाती नसावा. आपल्याकडे पहिल्या दोहोंची यंत्रणा आहे. तिसऱ्याचे तुकडे निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहेत : मानसिक आजाराच्या मापात नातेवाइकाची साक्ष, अडतिसाव्या कलमात गरजेचे मूल्यमापन, न्यायालयीन निर्णयांत परिचारकांचा हिशेब. हे तुकडे एकत्र जोडणारी व्यवस्था झालेली नाही.

ती होईपर्यंत कुटुंबांनी आपल्या हाती असलेले एक साधन वापरावे. रुग्णालयातून सुटी मिळाल्याच्या दिवसापासून एका वहीत रोजची नोंद ठेवावी : कोणत्या क्रियेसाठी, कोणी, किती वेळ मदत केली, रात्री किती वेळा उठावे लागले, परिचारकाला किती वेतन दिले. भौतिकोपचार विभागाकडून बार्थेलचे गुण तारखेसह लिहून घ्यावेत, आणि काही महिन्यांनी पुन्हा घ्यावेत. दाखल्यावरील टक्केवारी एका दिवसाच्या तपासणीची असते. वहीत सर्व दिवसांचा वृत्तान्त असतो. दावा लोकपालापुढे जावो वा न्यायाधिकरणापुढे, परावलंबन प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचे म्हणणे त्या वहीतून मांडता येईल.